नॉरफोकच्या वहीतली एक फुली

माझे सासरे इंग्लंडमधल्या नॉरफोकचे. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत आमच्या पणजोबांचं नाव निघालं, हे ऐकून ते म्हणाले, "आमचंही शोधशील का गं?"

1 जुलै 1837 पासून तिथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे, म्हणून तिथपर्यंत पटकन पोचले. 1851 च्या जनगणनेत प्रत्येकाचं जन्मगाव असतं, त्यावरून गाव कळलं. पुढे मात्र सगळी भिस्त चर्चच्या वह्यांवर. 1813 नंतरच्या बाप्तिस्म्याच्या वहीत छापील रकाने आहेत, त्यात बापाचा धंदाही असतो. आमच्याकडे पानोपानी एकच शब्द: मजूर. त्याआधी बहुतेक ठिकाणी मूल आणि आईबाप, एवढीच एक ओळ.

1790 च्या सुमाराचं लग्न सापडलं, पण नवऱ्याचा बाप्तिस्मा त्या गावात सापडेना. शेजारच्या गावात त्याच नावाचा मुलगा मिळाला आणि मी आनंदाने तोच धरून चालले. तीन महिने त्याचे पूर्वज शोधत बसले. मग सहज दफनाची वही उघडली, तर तो मुलगा दोन वर्षांचा असतानाच गेलेला. फार वाईट वाटलं, कष्टांचंही आणि त्या पोराचंही. म्हणून कळकळीने सांगते, बाप्तिस्मा सापडला की आधी दफनाची वही बघा.

वाट सापडली ती गरिबांच्या कागदांत. त्या काळी मदत मागणाऱ्या मजुराला पोसायचं कोणत्या गावाने, हे ठरवायला न्यायाधीश त्याची जबानी घेत. अविवाहित गड्याने एका गावात वर्षभर चाकरी केली की तो तिथला ठरे. नॉरफोकमधल्या नॉर्विच शहराच्या दफ्तरखान्यात त्या नवऱ्याची मूळ जबानी माझ्या पुढ्यात आली. शाई तपकिरी झालेली, अक्षर वळणदार. आमच्या मोडीसारखंच, डोळा बसेपर्यंत काही लागत नाही. जन्म शेजारच्या सफोक परगण्यातला, पोरवयात शेतावर सालगडी, मग लग्न, मग आजारपण. खाली कारकुनाने त्याचं नाव लिहिलंय आणि मधे सहीऐवजी त्याची फुली. पहिली रेघ सरळ, दुसरी थरथरत खाली उतरलेली, टोकाला शाईचा ठिपका. लग्नाच्या वहीतली फुलीही अगदी अशीच होती.

सासऱ्यांना फोटो दाखवला. बराच वेळ ते त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसले. "आजारी होता बिचारा," एवढंच म्हणाले.

सध्या सफोकच्या वह्या वाचतेय. त्याच्या आईचं नाव कालच मिळालं.