हरिश्चंद्रगड: आधी तीर्थ, मग किल्ला

हरिश्चंद्रगडाला गड म्हणतात खरं, पण लढायांचा इतिहास इथे थोडकाच. १७४७-४८ मध्ये मराठ्यांनी तो मोगलांकडून घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. तीर्थ म्हणून ही जागा त्याच्या कितीतरी आधीची आहे.

त्याचा लेखी पुरावा शके १२३४ चा, म्हणजे इ.स. १३१२ चा. योगी चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच पुरा केला आणि त्यात शकासोबत हा पर्वत, महादेव आणि मंगळगंगा नदी यांची नावंही घातली. म्हणजे तोवर इथलं दैवत चांगलं नावाजलेलं होतं. देवळाच्या परिसरातल्या शिलालेखांतही चांगदेवांचं नाव येतं. ‘पुराणांत उल्लेख आहे, म्हणून देऊळ हजारो वर्षांचं’ हा हिशेब मात्र चुकीचा. डोंगराचं नाव जुनं असलं म्हणून त्यावरचं बांधकाम तितकंच जुनं ठरत नाही.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ सुमारे १६ मीटर उंच आहे. जवळच पुष्करणी आणि तिच्या काठाला १४ देवळ्या, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे. पण खरी वेळ द्यावी ती केदारेश्वराच्या लेण्याला. आत साधारण पाच फुटी शिवलिंग, भोवती कमरेइतकं गारठणक पाणी. चार खांबांपैकी तीन तुटलेत. चौथा पडला की कलियुग संपणार, ही कथा सगळ्यांना पाठ असते. तिघांशिवाय छत तरलं कसं, हे कुणी विचारत नाही. हे खांब बाहेरून आणून छताखाली उभे केलेले नाहीत, कातळ कोरताना तेवढा भाग राखलेला आहे. छत म्हणजे डोंगराचाच अखंड कातळ, बाजूच्या खडकाने धरलेला.

गडावर चढायला पाचनई गावाची वाट सोपी, अडीच-तीन तासांची. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे पाच तास तरी धरा; खिंडीनंतरचा कातळ पावसात निसरडा होतो, तिथे रेलिंग सोडू नये. बहुतेकांचं गणित चुकतं ते वेळेचं. दुपारी पोहोचून थेट कोकणकड्यावर सूर्यास्ताला जायचं, आणि देऊळ मग बॅटरीच्या उजेडात उरकायचं. मुक्काम करून सकाळी देवळापाशी या. शिलालेखांची झिजलेली अक्षरं तिरक्या उन्हात उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सपाट होतात. ती वाचता यावीत म्हणून खडू किंवा कोळसा घासू नका. फोटो हवा असेल तर बॅटरी भिंतीलगत आडवी धरा.