खुरपं, गांडुळं आणि मोरचूद

आज दिवसभर ओळखीच्या एका काकांच्या सेंद्रिय शेतात खुरपणी केली. कंबर अजून सरळ होत नाहीये. माती मात्र सुरेख! ढेकूळ बोटांनी फुटतं, आत गांडुळं वळवळतात. ते पाहून मी "हीच खरी शेती" वगैरे बोलून गेलो.

तेवढ्यात काकांनी फवारणीचा पंप उचलला. आत बुरशी मारणारं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. सेंद्रियच्या नियमांत हे बऱ्याच ठिकाणी चालतं. पण तांबं मातीत विघटित होत नाही, साठत जातं आणि त्याच गांडुळांना बाधतं. (मी गप्प.)

शिवाय सेंद्रियचं उत्पादन सरासरी २० टक्क्यांच्या आसपास कमी भरतं. तेवढंच धान्य हवं तर जास्तीची जमीन आणायची कुठून, जंगल तोडूनच ना? श्रीलंकेने २०२१ मध्ये सगळी शेती सेंद्रिय करायची म्हणून रासायनिक खतांची आयात एका झटक्यात बंद केली. वर्ष संपायच्या आत माघार घेतली, तरी भाताचं उत्पादन घसरलंच.

शेणखत हवं, द्विदल पिकांची फेरपालट हवी, आणि माती परीक्षण करून लागेल तेवढा युरियाही चालेल, असं माझं मत काकांना ऐकवलं. ते हसले. म्हणाले, "आधी ती सरी तरी पुरी कर."