शंभरातले सहा दाणे

१८ एप्रिल २०१७, मंगळवार. तुरीची सरकारी खरेदी बंद व्हायला चार दिवस राहिले होते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या बाजार समितीत मी ग्रेडर म्हणून बसत होतो. फाटकापासून निघालेली ट्रॅक्टरांची रांग पार डांबरी रस्त्याला लागलेली, आणि माणसं ट्रॉलीखाली पोती अंथरून आठ-आठ दिवस झोपलेली. त्या दिवशी मी पुष्कळ नमुने पाहिले. त्यातल्या एकाला नापास केलं, एकाला पास केलं, दोन्हींवर सही माझी आहे. ते दोन नमुने आजही डोक्यातून जात नाहीत.

आधी त्या वर्षाचं सांगायला हवं. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०१५ च्या अखेरीला तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती, तेव्हा तूर लावा असं सरकारही सांगत होतं आणि भावही सांगत होता. २०१६ चा पाऊस चांगला झाला, लोकांनी मन लावून तूर पेरली, आणि देशातलं उत्पादन आदल्या वर्षीच्या २५.६ लाख टनांवरून ४८.७ लाख टनांवर गेलं. त्याच वर्षात बाहेरूनही सात लाख टनांच्या आसपास तूर आली. म्यानमारहून, मोझांबिकहून, टांझानियाहून. आयातीवर १० टक्के शुल्क लागलं ते २८ मार्च २०१७ ला. तोवर आमच्याकडची तूर घरात येऊन दोन-अडीच महिने झाले होते. कडधान्यांची निर्यात २००६ पासून बंद होती, ती तशीच बंद. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये आणि बाजारात भाव चार हजारांच्या आगेमागे. सगळी तूर सरकारी काट्याकडेच येणार हे उघड होतं. तरीही बारदान, म्हणजे तूर भरायची रिकामी पोती, किती लागेल याचा हिशेब कुणी केलेला नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या केंद्रावर बारदान संपलं आणि काटा दिवसेंदिवस बंद राहिला. या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ग्रेडर म्हणजे तूर बघून हो-नाही म्हणणारा माणूस, असं लोकांना वाटतं. हो-नाही आमच्या हातात नसतं, आकड्यांत असतं. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, काडीकचरा-माती २, इतर धान्य ३, खराब दाणा ३, किंचित डागी ४, अपक्व आणि सुरकुतलेला ३, भुंग्यानं पोखरलेला ४. यात बसली ती एफएक्यू, म्हणजे सरकारी खरेदीला चालणाऱ्या दर्जाची, नाही बसली ती परत. बाकीचं वजनावर काढतात, पोखरलेला दाणा मात्र मोजून काढतात. नमुन्याची नळी पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी खुपसायची, कारण चांगला माल वर ठेवायची सवय सगळ्यांनाच असते. तिन्हींची रास एकत्र करायची, तिचे चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. असं करत मूठभर माल थाळीत राहतो. त्यातून शंभर दाणे मोजायचे आणि एकेक बोटानं उलटवायचा.

मी या कामात आलो तो डाळमिलमधून. अकरा वर्षं कच्च्या तुरीची खरेदी केली. आपल्याकडची लाल ७३६, बदनापूरची पांढरी ७११, कर्नाटकातून येणारी मारुती, आणि मुंबईच्या बंदरावरून येणारी परदेशी तूर, लेमन, गजरी, अरुषा. मिलमध्ये रोज ही सगळी पोती शेजारी शेजारी उभी असायची. मूठ भरली की कुठला माल आहे ते हाताला कळायचं. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढं जे झालं ते या ओळखीमुळंच झालं, म्हणून सांगतो.

सकाळी अकराला एक मामा आले. साठीचे असतील. धोतर, डोक्याला मळका पटका, हातात टोकनची चिठ्ठी, तीही घामानं मऊ झालेली. टोकन ६ मार्चचं होतं. मध्ये ४३ दिवस गेले होते. दोनदा येऊन बारदान नाही म्हणून परत गेले होते, आता तिसऱ्या खेपेला रांगेत नऊ दिवस. माल लाल तूर, ११ क्विंटल. दाणा टपोरा, वजनदार, ओलावा ९ च्या आत. पोत्यातून काळ्या रानाची धूळ उडाली, थोडी काटकी, शेंगेची टरफलं, सगळं मापात.

मग शंभर दाणे मोजले. भुंगा लागला होता.

भुंगा कसा लागतो ते सांगतो. मादी दाण्याच्या सालीवर पांढरं, टाचणीच्या टोकाएवढं अंडं चिकटवते. त्यातली अळी तिथूनच आत शिरते आणि डाळ खात राहते. बाहेरून दाणा साबूत दिसतो. नंतर सालीखाली एक गोल, धुरकट खिडकी दिसायला लागते. आतला भुंगा तयार झाला आणि नुसती साल राहिली, याची ती खूण. मग तो साल फोडून बाहेर पडतो आणि भोक उरतं. उन्हाळ्यात हे सगळं महिन्याभरात उरकतं. ४३ दिवसांत एक पिढी पुरी होऊन दुसरी लागलेली असते. मामांची तूर मार्चच्या पहिल्या आठवड्यात काट्यावर गेली असती तर तिच्यात बहुधा एकही भोक सापडलं नसतं.

मी आकडा लिहिला, भुंगा ६. मर्यादा ४.

"मामा, नाही बसत."

मामांनी थाळीत वाकून बघितलं. "साहेब, घरनं आणली तवा काहीच नव्हतं ओ."

मला ते खोटं वाटलं नाही. तरी जे सगळ्यांना सांगायचो तेच सांगितलं, उफणून घ्या, पोखरलेला हलका दाणा उडून जाईल, परत आणा. नऊ दिवस रांगेत काढलेल्या माणसाला मी परत रांगेत लागायला सांगत होतो, आणि चार दिवसांत काटा बंद होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत. पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि ट्रॅक्टरकडं गेले.

दुपारी एकच्या सुमारास दुसरा माल आला, २४ क्विंटल. नाव एका आजींचं. सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी सोबतच्या पांढऱ्या शर्टातल्या माणसाच्या काखेत. आजी मागं उभ्या. एका शेतकऱ्याची दिवसाला २५ क्विंटलपर्यंत तूर घेता येत होती. २४ हा आकडा त्या मापानंच आलेला होता. सातबारा साडेतीन एकरांचा, कोरडवाहू.

नळी घातली आणि थाळीत दाणे ओतले. पांढरट साल, तिच्यावर तपकिरी ठिपके आणि रेघा. दाणा एकसारखा. काटकी नाही, टरफल नाही, अर्धवट शेंग नाही. खळ्यावरून आलेली तूर इतकी स्वच्छ नसते. हा माल यंत्रावरून दोनदा फिरलेला होता. थाळी झटकली तेव्हा तळाला बारीक धूळ राहिली. ती मी चिमटीत घेतली. तांबूस होती. आमच्या तालुक्यात सगळं काळं रान.

गजरी. मोझांबिकची. मला तिळमात्र शंका नव्हती. तिकडचं पीक आपल्या पावसाळ्याच्या अखेरीला निघतं, म्हणजे हा माल निदान सहा महिने कुठल्या तरी गोदामात पडून होता, धुरी देऊन नीट राखलेला. ओलावा ९. खराब दाणा १ च्या आत. भुंगा शंभरात शून्य. त्या अख्ख्या आठवड्यात माझ्या थाळीत आलेला सगळ्यात चांगला नमुना.

मी आजींना जवळ बोलावलं. "आजी, यंदा कोणती तूर पेरली होती?"

"लालच की. सात छत्तीस."

मी थाळी पुढं केली. त्यांनी दोन दाणे उचलले, उन्हात धरले, एक दाताखाली धरून फोडला. मग पांढऱ्या शर्टाकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "लेकरा, नाव माझंच हाय. आमची तूर गेली फेब्रुवारीतच."

तुटक तुटक जे बोलल्या त्यावरून कळलं ते असं. सात क्विंटल झाली होती. काटा बंद, नातीचं लग्न तोंडावर, म्हणून आडतीवर ३८०० नं घातली. हिशेबाची पट्टी करताना आडत्यानं सातबारा ठेवून घेतला, आदल्या सालची उचल अजून फिटायची आहे म्हणाला.

मी थाळी घेऊन केंद्रप्रमुखांकडं गेलो. हा माल इथला नाही, परदेशातला आहे, असं सांगितलं. त्यांनी दाणे पाहिले, माझं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, महिनाभर धड झोपलेला नव्हता. म्हणाले, "फॉर्मवर दाखवा कुठल्या रकान्यात लिहू."

रकाना नव्हता. ओलाव्याला आहे, मातीला आहे, भुंग्याला आहे. तूर कुठून आली याला नाही. "आणि गुन्हा दाखल केला," ते म्हणाले, "तर नाव कुणाचं येणार? म्हातारीचं." यावर मला उत्तर सुचलं नाही. पांढऱ्या शर्टाचं नाव एकाही कागदावर नव्हतं.

मी सही केली. एफएक्यू, पास. ५० किलोची ४८ पोती झाली. आडत्याला क्विंटलमागं हजार रुपयांच्या आसपास सुटले असतील. हमालांनी पोती उचलायला सुरुवात केली तेव्हा मामांचा ट्रॅक्टर अजून आवारातच होता, वळायला जागा नव्हती म्हणून. ते ट्रॉलीच्या कडेवर बसून पोती जाताना बघत होते. आजींनी निघताना थाळीतली मूठभर तूर पदराच्या गाठीत बांधली. "उगवती का बघते," म्हणाल्या.

संध्याकाळी कळलं, मामांनी ती तूर गावातच आडतीवर ३६०० नं दिली.

रात्री वही पूर्ण करायला बसलो. नापास नमुन्यातले पोखरलेले दाणे मी कागदाच्या पुडीत ठेवायचो, कुणी भांडायला आलं तर दाखवायला. मामांची पुडी उघडली. सहा दाणे. भिंग घेतलं. चार दाण्यांना भोक होतं. पाचव्याला भोक नव्हतं, खिडकी होती. सहाव्याला नुसतं अंडं, साल कुठंच फुटलेली नाही.

नियमात पोखरलेला दाणा म्हणजे किड्यानं थोडा किंवा पूर्ण खाल्लेला, भोक पाडलेला दाणा. अंडं चिकटलेला दाणा त्यात बसत नाही. खिडकीच्या दाण्यावर वाद घालता आला असता. पण सहावा निश्चित बसत नव्हता, आणि नुसती भोकं धरली तर मामांची तूर चार टक्क्यांवर, बरोबर मर्यादेवर, पास होत होती. मी तो दाणा वाईटात टाकला तो मिलमधल्या सवयीनं. मिलमध्ये अंडं दिसलं की माल घेत नाहीत, कारण महिन्यानं तिथं भोक पडणार असतं. मामांच्या तुरीला मी माझा अनुभव लावला होता. आजींच्या नावावरच्या तुरीला माझा अनुभव शंभर टक्के सांगत होता की हा माल इथला नाही, आणि तिथं मी रकाना बघितला होता.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिलं, गजरीचा नमुना लाखेनं सील करून सोबत दिला. आजींचं नाव लिहिलं नाही, आडतीचं लिहिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. मामांबद्दल मी कुणालाच लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? त्यांची तूर तोवर दुसऱ्याची झाली होती.

२२ तारखेला केंद्र बंद झालं. रांगेत उभी असलेली तूर राज्य सरकारनं नंतर घेतली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि मोझांबिकच्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले; भारत घेईल या भरवशावर त्यांनीही आमच्यासारखीच तूर वाढवली होती. सप्टेंबरमध्ये तुरीची निर्यात खुली झाली. मार्चमध्ये हवं होतं ते सप्टेंबरमध्ये आलं.

पुढच्या हंगामात नोंदणी ऑनलाइन झाली. हमीभाव ५४५०. मी त्याच केंद्रावर होतो आणि वजनकाट्याशेजारी दोन भिंगं ठेवून घेतली होती. शंभरातला दाणा वाईटात टाकताना आता शेतकऱ्याला भिंगातून दाखवायचो, भोक आहे की नाही ते त्यानंच सांगायचं. त्यात वेळ जायचा, वरून ओरडा बसायचा. यादीत मामांचं नाव मी रोज शोधायचो. फेब्रुवारी संपत आला तेव्हा त्यांच्या गावचा एक पोरगा आला, त्याला विचारलं.

"आप्पा का? त्यांनी यंदा तूर नाही पेरली ओ," तो म्हणाला. "सगळं सोयाबीन केलंय."