आधी नोशिरो, मग अकिता

जपानच्या अकिता प्रांतातल्या अकिता नॉर्दर्न हॅपिनेट्स या बास्केटबॉल संघाचा सामना बघायला जाणार असाल, तर अकितात उतरून थेट मैदान गाठू नका. आधी उत्तरेला नोशिरोला जाऊन या. हा संघ कळायला सुरुवात तिथून होते.

अकिताहून ओउ मार्गाच्या गाडीने हिगाशी-नोशिरो साधारण तासाभरावर. तिथे गोनो मार्गाची गाडी पकडली की पुढचंच स्टेशन नोशिरो. फलाटावर उतरताच समोर बास्केट! 'रिसॉर्ट शिराकामी' ही पर्यटकांची गाडी काही फेऱ्यांना इथे जरा जास्त थांबते आणि प्रवासी उतरून फ्री थ्रो टाकतात. चेंडू आत गेला तर छोटी भेटवस्तू मिळते. आमच्या गाडीतल्या एका आजोबांनी काठी बायकोच्या हातात देऊन चेंडू टाकला आणि सगळ्या फलाटाने टाळ्या वाजवल्या. या गाडीला आरक्षण लागतंच, ते आधी करून ठेवा. साध्या गाड्या कमी आहेत, त्यामुळे परतीची वेळ बघूनच गावात शिरा.

हे सगळं कौतुक एका शाळेमुळे. नोशिरो तांत्रिक विद्यालयाने राष्ट्रीय स्पर्धांची तब्बल ५८ विजेतेपदं मिळवली. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये खेळलेला पहिला जपानी खेळाडू युता ताबुसे इथलाच विद्यार्थी. तो मूळचा योकोहामाचा, पण शिकायला इतक्या लांब आला आणि तीन वर्षांत शाळेने नऊच्या नऊ राष्ट्रीय किताब जिंकले. २०२१ मध्ये शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि नावही बदललं. तो इतिहास गावातल्या बास्केटबॉल संग्रहालयात बघायला मिळतो. संग्रहालय छोटंसं आहे, पण जुने फोटो आणि जर्सी बघताना वेळ कसा जातो कळत नाही. सुट्टीचा वार तेवढा आधी तपासा.

आता गंमत बघा. पोरं इथे घडायची आणि शाळा संपली की बाहेर जायची, कारण घरचा व्यावसायिक संघच नव्हता. हॅपिनेट्स २०१० मध्ये बीजे लीग या तेव्हाच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला तेव्हा ती उणीव भरून निघाली. नोशिरोचाच माजी विद्यार्थी माकोतो हासेगावा आधी संघाकडून खेळला, पुढे प्रशिक्षक झाला. २०१४ आणि २०१५ अशा लागोपाठ दोन अंतिम फेऱ्या संघ हरला. त्याच सुमारास जपानमधल्या दोन समांतर लीगच्या भांडणामुळे जागतिक संघटनेने जपानला निलंबित केलं होतं. त्यातून २०१६ मध्ये एकच बी लीग जन्माला आली, आणि पहिल्याच हंगामात अकिता खालच्या गटात घसरला! पुढच्याच वर्षी परत वर आला. वरच्या गटाच्या बाद फेरीत मात्र पहिल्यांदा पोचला तो २०२१-२२ मध्ये. म्हणजे कपाटात चषकांची गर्दी नाही. तरी लोक येतात, आणि माझ्या मते बघण्यासारखं तेच आहे.

सामने सीएनए अरेनात, अकिता स्टेशनच्या पश्चिमेला याबासे भागात होतात. स्टेशनवरून बसने पाव तास धरा. गुलाबी काहीतरी अंगावर असू द्या, निदान मफलर तरी. इथले चाहते स्वतःला 'क्रेझी पिंक' म्हणवतात आणि त्यात कॉलेजच्या मुलांइतक्याच आज्याही असतात. जपानमध्ये ज्येष्ठांचं प्रमाण सर्वात जास्त असलेला हा प्रांत. २०१७ मध्येच लोकसंख्या दहा लाखांखाली गेली. सामन्याआधी सगळे उभे राहून अकिताचं प्रांतगीत म्हणतात. राष्ट्रगीत नव्हे, प्रांतगीत, तेही १९३० चं! तेव्हा उशिरा पोचू नका. बसायला जागा मिळेल, पण हे हुकेल. शेजारच्या आजींनी मला शब्दांवर बोट ठेवून दाखवलं. ओ की ठो कळलं नाही, तरी मी सूर लावला.

बहुतेक वेळा त्याच दोन संघांचे शनिवार-रविवार असे लागोपाठ सामने असतात. शनिवारचं तिकीट मिळालं नाही तर रविवारचं बघा. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जानेवारीत गेलात तर बर्फावर न घसरणारे बूट हवेतच.

शाकाहारींनी जेवणाची सोय स्वतःच बघावी. किरितांपोच्या (काठीवर थापून भाजलेल्या भाताच्या) हंडीत कोंबडीचा रस्सा असतो, इनानिवा उदोन या शेवयांच्या सारात मासळी. काठीवर भात थापून, गोड मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) लावून भाजलेला मिसो-तांपो त्यातल्या त्यात बरा. मिसोत मासळीचा अर्क आहे का तेवढं विचारा. धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं, इबुरीगाक्को, मात्र बिनधास्त घ्या. सोबत साधा भात मिळाला की काम भागतं.

तोक्योहून कोमाची या शिंकान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, पावणेचार ते चार तास लागतात, सगळ्या जागा आरक्षित. परतीला गाडी अकिताहून निघाली की आपण उलट्या तोंडाने बसलेले असतो. घाबरून सीट फिरवायला जाऊ नका. अर्ध्या तासाने ओमागारीला गाडीच दिशा बदलते.