खासगी युनिव्हर्सिटी, मेरिट स्कॉलरशिप आणि आमचं घरचं गणित

पुतणीला पुण्याजवळच्या लवळ्याच्या बाजूच्या एका खासगी युनिव्हर्सिटीत जायचंय, फी बघून दादा गप्पच झाला. घरात सगळे म्हणत होते महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर) फॉर्म भर की, पण राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीतून खासगी आणि अभिमत विद्यापीठं वगळलेली आहेत, म्हणजे उत्पन्न ८ लाखांच्या आत असूनही काही उपयोग नाही, आणि हे ॲडमिशनच्या वेळी कोणी आपणहून सांगत नाही हो!

मग उरली युनिव्हर्सिटीची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप. तिथे बघायचं काय तर टक्के माफी नुसत्या ट्यूशन फीवर आहे का हॉस्टेल-मेस धरून, आणि दरवर्षी सीजीपीए (म्हणजे ग्रेडची सरासरी) किती टिकवायचा. ब्रोशरवर मोठ्ठं "५०%" असतं, अटी खाली बारीक अक्षरात.

बाहेरच्यांत रिलायन्स फाउंडेशनची यूजी (पदवीच्या मुलांसाठीची) स्कॉलरशिप बरी वाटली, पूर्ण डिग्रीसाठी २ लाखांपर्यंत, उत्पन्न १५ लाखांच्या आत हवं, बारावीला किमान ६०% आणि ॲप्टिट्यूड टेस्ट. देशभरातनं ५,००० मुलं निवडतात, त्यामुळे चुरस तगडी. सध्या पुतणी त्या टेस्टची तयारी करतीये आणि दादा उत्पन्नाच्या दाखल्यामागे लागलाय.