चार वेळा ‘नको’

रात्रीच्या लांबच्या फ्लाइटमध्ये पाणी वाटत फिरणं हे हलकं काम आहे असं आमच्याकडे नव्या मुलींना वाटतं. केबिन क्रू म्हणून सोळा वर्षं काढल्यावर मला तसं वाटत नाही.

दहा तासांची फ्लाइट होती. ती ३४ए वर, खिडकीशी. गरोदरपणाचा एकतिसावा आठवडा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बहुतेक एअरलाइन्स डॉक्टरांचं पत्र मागतात आणि एकच बाळ असेल तर साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत नेतात. तिचं पत्र काउंटरवर पाहिलं गेलं, गेटवर पुन्हा पाहिलं, आठवडे मोजले. ही बाई दहा तास खिडकीत बसणार आहे, तिला आयलची, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट द्यावी, हे मात्र दोन्हीकडे कुणाच्या मनात आलं नाही. बसल्यावर मी तिचा पट्टा पोटावरून काढून पोटाखाली, मांड्यांच्या सांध्यावर आणून दिला, एवढं केलं. सीट माझ्याही डोक्यात आली नाही. शेजारचे दोघं जेवण होताच पांघरूण ओढून झोपले.

दिवे मंद केल्यावर तासातासाने आम्ही ट्रे घेऊन फिरतो. मी चार फेऱ्या केल्या. चारही वेळा तिने हसून मान हलवली, ‘नको.’ मी पुढे गेले.

सहाव्या तासाला तिची कॉल बेल वाजली. म्हणाली, “पोट सारखं कडक होतंय.” उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या दोघांना उठवून आम्ही तिला धरून मागे नेलं. शेवटच्या रांगेतल्या आमच्या विश्रांतीच्या तीन सीट्सचे हात वर केले आणि तिला डाव्या कुशीवर झोपवलं. उताणं झोपलं की पोटाचा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि चक्कर वाढते. मग ठरलेले प्रश्न: रक्त जातंय का? पाणी जातंय का? बाळ फिरतंय का? पहिल्या दोन्हींना नाही, तिसऱ्याला हो. शेवटी विचारलं, “टॉयलेटला कधी गेला होतात?”

“विमानात बसायच्या आधी.”

म्हणजे सहा तासांहून जास्त. मग हळूच म्हणाली, “ते दोघं झोपलेले. दर तासाला त्यांना कसं उठवणार? म्हणून पाणीच घेतलं नाही.”

घोषणेला एक डॉक्टर उठून आल्या, भूल देणाऱ्या. नाडी ११०, ब्लडप्रेशर कमी, जीभ कोरडी. त्यांनी दोन्ही पायांच्या पोटऱ्या हाताने चाचपल्या. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, त्यात तासन्‌तास एका जागी बसणं; एकाच पायाला सूज किंवा दुखणं असतं तर काळजी आणखी वाढली असती. सूज दोन्हीकडे सारखी होती. शरीरातलं पाणी कमी झालं की गर्भाशय असं आवळू शकतं, आधी पाणी देऊन बघू, असं त्या म्हणाल्या.

आमच्यातल्या एका मुलीने ओआरएसचं पाकीट फोडलं आणि सगळं एका ग्लासात ओतायला लागली. मी तिचा हात धरला. एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच जायला हवं. ग्लासभर पाण्यात घातलं तर ते इतकं खारट आणि दाट होतं की फायद्याऐवजी त्रास. हे प्रशिक्षणात एका ओळीत उरकतात आणि लोक विसरतात. लिटरची बाटली घेतली, पाकीट त्यात रिकामं केलं, तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत हलवली. मग दोन-दोन घोट, थांबून थांबून. मागच्या कुणीतरी सोडा सुचवला, मी नको म्हटलं. केबिनमधला दाब सात-आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तसा असतो, पोटातला वायू आधीच फुगलेला असतो.

कॅप्टन सॅटेलाइट फोनवर जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलत होते. वळवायचं तर कुठे, हे त्यांनी काढून ठेवलं होतं. मी एका फॉर्मच्या मागे वेळा लिहीत बसले: २:१०, २:१९, २:२७, २:३८. हात तिच्या पोटावर. आवळलं की हाताखाली दगडासारखं लागायचं, मग सैल. नंतर ३:०२. नंतर ३:३१. मग पाऊण तास काहीच नाही. बाटली पाऊण संपली होती आणि ती स्वतःहून टॉयलेटला जाऊन आली. विमान वळवलं नाही.

तोंड धुऊन आयलच्या सीटवरचा माणूस मागे आला. “मला एकदा सांगितलं असतं तर मी जागा बदलली असती,” तो म्हणाला. खरंच वाईट वाटलं होतं त्याला.

मला हिशोब सुटत नाही. बाहेर पन्नास अंश उणे, त्या हवेत ओलावा जवळजवळ नसतोच. तीच तापवून आत घेतात, म्हणून लांबच्या प्रवासात केबिनमधली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. घाम फुटताना दिसत नाही, त्वचेवरच वाळतो, श्वासातून पाणी जात राहतं. आणि आम्ही धक्क्यात सांडू नये म्हणून ग्लास अर्धाच भरतो, शंभर मिली. प्रत्येक फेरीला घेतला असता तरी सहा तासांत चारशे मिली. तिने चारही वेळा हो म्हटलं असतं तरी ते पुरेसं नव्हतं. बोर्डिंगलाच तिला भरलेली बाटली आणि आयलची सीट द्यायला हवी होती, आणि ते माझ्या हातात होतं.

उतरल्यावर व्हीलचेअर आली, वैद्यकीय पथकाने तिला नेलं. पुढचं आम्हाला कळवत नाहीत. मी विचारून पाहिलं, उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात २७ए वर सातव्या महिन्यातली एक बाई होती. “पाणी हवंय का?” असं मी विचारलं नाही. वाकून म्हटलं, “ताई, टॉयलेटला शेवटचं कधी गेला होतात?” तिने आधी शेजारी झोपलेल्या दोघांकडे पाहिलं.