मकरपुऱ्याच्या शेडमधून : आमची वाटचाल

आम्ही पर्जिंग कंपाउंड बनवतो, म्हणजे रंग किंवा मटेरियल बदलताना मोल्डिंग मशीनमधलं जुनं प्लास्टिक साफ करणारा दाणा. बडोद्यात मोल्डिंग करणाऱ्याला, म्हणजे साच्यातून प्लास्टिकच्या वस्तू काढणाऱ्याला, हे सांगावं लागत नाही. तो एकच विचारतो, "किलोचा भाव काय?" आमच्या फर्मची सगळी वर्षं या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेली. काळ्या रंगावरून पांढऱ्यावर जायचं असलं की लोक पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) साधा दाणा ओततात आणि मशीन तासन् तास लंप, म्हणजे वाया जाणारे प्लास्टिकचे गोळे, काढत राहतं. तो दाणा, ती वीज, नुसता उभा ऑपरेटर, अडकलेली ऑर्डर, याची बेरीज कोणी मांडत नाही. पर्जचा भाव मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो.

आम्ही दांडिया बाजारातले. घरात धंदा कोणी केला नव्हता. 1969 मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी आली तेव्हापासून आमच्यासारख्या घरांत मुलगा पेट्रोकेमिकल्सला लागला की आईवडील निश्चिंत होत. मी मात्र मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) एका मोल्डिंग युनिटमध्ये शिफ्ट सुपरवायझर झालो. तेव्हा बॅरल, म्हणजे आत स्क्रू फिरून प्लास्टिक वितळतं ती नळी, साफ करायला कास्ट ॲक्रिलिक शीटचा चुरा वापरायचे. तो नीट वितळत नाही, खरवडत पुढे जातो, म्हणून कामाचा. पण त्यासाठी आधी नोझल उतरवावं लागे आणि वासाने डोळ्यांतून पाणी येई. यापेक्षा बरं काही करता येईल हे तिथेच डोक्यात बसलं.

माझा मावसभाऊ कलाभवनातून केमिकल इंजिनिअर झालेला. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेल्या त्या संस्थेला विद्यापीठाची फॅकल्टी होऊन जमाना झाला, तरी आमच्याकडे ती अजून कलाभवनच. त्याने नोकरी सोडली, आम्ही प्लास्टिक वितळवून दोरीसारखं (स्ट्रँड) बाहेर काढणारा जुना सिंगल स्क्रू एक्स्ट्रूडर घेतला, पाण्याची टाकी आणि स्ट्रँड कापून दाणा करायचा पेलेटायझर जोडला आणि खरवडायला काच घातलेला पहिला दाणा काढला. प्रत्येक बॅचचं तापमान, प्रेशर, स्ट्रँड तुटला का, सगळं तो वहीत लिहायचा. मी स्क्रू बाहेर काढून बघायचो. त्यासाठी पितळी ब्रश, पितळी पट्टी आणि तांब्याची जाळी, एवढीच हत्यारं. जाळी दोन्ही हातांनी गरम स्क्रूवर मागेपुढे ओढली की चिकटलेला थर सुटून येतो. स्क्रूला पोलादी पाना किंवा पटाशी लावणारा माणूस मी त्या शेडमध्ये टिकू दिला नाही. स्क्रूवरचा नायट्राइडचा कडक थर फार पातळ असतो, त्याला ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक रंगात काळे ठिपके येतात.

पहिली काही वर्षं हालोलच्या एका शेठनी तारली. बाटल्यांची झाकणं बनवायचे, दिवसात तीन-तीन रंग बदलायचे. त्यांनी मशीनच आमच्या हवाली केलं, रविवारी या आणि हवे ते प्रयोग करा म्हणाले. चेक रिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक मागे जाऊ न देणाऱ्या स्क्रूच्या टोकावरच्या कडीच्या, मागे रंग कसा दबा धरून बसतो, बॅक प्रेशर (स्क्रूवरचा उलटा दाब) वाढवलं की कसा सुटतो, हे आम्ही तिथे शिकलो. बिलाचे पैसे महिनाअखेरीला, न मागता. मग पोर, वाघोडिया, सावली अशा आसपासच्या गावांतून ऑर्डरी वाढत गेल्या.

आणि 2011 च्या सुमारास आमच्याच डीलरने आमचं घर पोखरलं.

त्याच्याकडे आमची सगळी गिऱ्हाइकं होती, कारण विश्वासाने आम्हीच सोपवली होती. त्याने स्वतःचा दाणा काढला. गोणीचा रंग आमच्यासारखा, पट्टा आमच्यासारखा, भाव आमच्याहून बराच खाली. काचेऐवजी संगमरवराची पूड भरली होती. कॅल्साइट मऊ असतो, कडकपणाच्या मोह्स मापावर 3. पण खाणीच्या स्वस्त पुडीत क्वार्ट्झ येतो, तो 7, म्हणजे काचेहूनही कडक. वाघोडियाच्या एका कारखान्यात चेक रिंगवर चरे पडले आणि आळ आला आमच्यावर. गोणी तशीच होती ना! त्यांनी पैसे अडवले, त्यांचं ऐकून दुसऱ्यांनी अडवले, बँकेची लिमिट संपली. डीलर गावभर सांगत होता, यांचा दाणा मशीन खातो. ते वाक्य मला आजही सहन होत नाही. ज्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघं भाऊ पंगतीत वाढायला उभे होतो, त्याने ते बोलावं!

मावसभावाने वाद घातला नाही. त्याने त्या कारखान्याच्या गोदामातून दोन्ही गोण्यांचे नमुने मागवले आणि त्यांच्याच माणसांसमोर मफल भट्टीत ठेवले. साधारण 600 अंशांवर प्लास्टिक जळून जातं, उरते ती आत भरलेली वस्तू. त्या राखेवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले. आमची राख शांत राहिली, भिंगाखाली काचेचे तंतू दिसले. दुसरी फसफसली, आणि फेस बसल्यावर तळाला खरखरीत कणी उरली. ती बोटांनी काचेच्या पट्टीवर घासली तर पट्टीवर रेघा उठल्या. कारखान्याच्या मॅनेजरने दुसऱ्या दिवशी चेक पाठवला. माफी मात्र कोणी मागितली नाही, ना त्यांनी, ना डीलरने.

हालोलचे शेठ त्या सगळ्या काळात रोख देऊन माल उचलत होते. राखेची गोष्ट कानावर गेल्यापासून कोणी नवा विक्रेता आला की ते म्हणतात, "भाई, पहेलां राख बतावो, पछी वात", म्हणजे आधी राख दाखवा, मग बोलू. तेव्हापासून आम्ही डीलर ठेवला नाही आणि प्रत्येक बॅचच्या राखेचा आकडा, म्हणजे जाळल्यावर किती उरतं ते, बिलासोबत जातो. सावरायला वेळ लागला, पण सावरलो. पुढची वर्षं बरी गेली.

आता बाजार बदलला आहे आणि भाव विचारणारेही बदलू लागलेत. ऑर्डरी लहान झाल्या, रंग वाढले, हॉट रनर, म्हणजे साच्यापर्यंत प्लास्टिक वितळलेलं ठेवणाऱ्या गरम वाटा, सगळीकडे आले. हॉट रनरच्या बारीक गेटमधून (साच्यात शिरायच्या छिद्रातून) काचेचा दाणा जात नाही, तिथे फुगून साफ करणारा केमिकल दाणा लागतो. त्यात पूर्वी सर्रास अझोडायकार्बनामाइड हे गॅस सोडून फुगवणारं रसायन असायचं. युरोपने 2005 मध्ये अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमध्ये फोमिंगसाठी ते बंद केलं. झाकणं-डबे बनवणाऱ्यांसाठी आम्ही बायकार्बोनेट आणि सायट्रिक ॲसिडवर आलो.

सगळ्यात मोठी ढकल रिसायकल दाण्याची आहे. केंद्राच्या प्लास्टिक कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनी बाटल्या-डब्यांसारख्या कडक पॅकेजिंगमध्ये 2025-26 पासून 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के रिसायकल प्लास्टिकचं लक्ष्य ठेवलं. रिसायकल दाण्यासोबत कचरा, जेल (न वितळलेले कण) आणि जळकी पपडी येते, डायमध्ये, म्हणजे प्लास्टिकला आकार देणाऱ्या तोंडात, साचते. ज्यांनी कधी पर्ज घेतलं नव्हतं ते फोन करतात. परदेशी ब्रँडांचे एजंटही मकरपुऱ्यात फिरतात. त्यांचा माल वाईट नाही. पण त्यातला कोण रात्री अकराला अडकलेल्या मशीनपाशी येऊन उभा राहतो, ते दाखवा.

नव्या मुलांना सांगतो. पॉलिकार्बोनेट बॅरलमध्ये ठेवून मशीन थंड करू नका, ते आकसताना पोलादाला धरून ओढतं आणि पृष्ठभागाचे टवके निघतात. ॲसिटल आणि पीव्हीसी ही दोन प्लास्टिकं एका बॅरलमध्ये कधीही भेटू देऊ नका, गॅस आणि स्फोट दोन्हीची भीती आहे, मध्ये पीई (पॉलिथिन) चालवून पूर्ण साफ करा. केमिकल दाणा भरल्यावर थांबायला सांगितलंय तेवढं थांबा. घाईने काढलात तर पैसे पाण्यात. आणि उधारी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका. 2024 पासून लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत न दिले तर देणाऱ्याला आयकरातली वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. गिऱ्हाइकाला हे बिलावर छापून द्या, आम्ही देतो.

नमुना मागताना नुसतं "एक गोणी पाठवा" म्हणू नका. आधीचं मटेरियल कोणतं, पुढचं कोणतं, दोघांचं तापमान, स्क्रूचा व्यास, गेटचं माप आणि हॉट रनर आहे की नाही, एवढं कळवा. मग कोणता दाणा आणि किती किलो, हे आम्ही सांगतो.